डावीकडचं पुढचं टायर

आमच्या गाडीची तीन टायरं शहाण्यासारखी झिजतात. चौथं, म्हणजे डावीकडचं पुढचं, वर्षाच्या आत गुळगुळीत होतं, तेही फक्त बाहेरच्या कडेनं. मी पुण्याहून कोल्हापूरला आले की आधी खाली पार्किंगमध्ये वाकून ते टायर बघायचे आणि मग वर जाऊन आईवडिलांना भेटायचे. वडिलांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती आणि मला त्या टायरात पुरावा दिसत होता. त्यांचा अंदाज गेला, कुठेतरी ठोकण्याआधी गाडीची किल्ली काढून घ्यायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

पण किल्ली मागायची कुठल्या तोंडानं? वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. नुसत्या हातानं फळ्यावर गोल काढला तर कंपासनं मान खाली घालावी, असा त्यांचा अंदाज, आणि त्या अंदाजाचा त्यांना भारी अभिमान. शिवाय दोघं मंगळवार पेठ सोडून कसबा बावड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, तेव्हापासून गाडीवाचून आईचं पान हलत नव्हतं. जुन्या गल्लीत तिची जिवाची मैत्रीण राहते. आम्ही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढलेली, एकमेकींची लोणची नासवलेली. रोज संध्याकाळी वडील आईला गाडीनं खालाकडे सोडतात, स्वतः गाडीत बसून पेपर वाचतात आणि तासाभरानं घेऊन येतात. किल्ली गेली की ती संध्याकाळ जाणार, हे मला कळत होतं. पण रिक्षा कशाला असतात, असं म्हणून मी तो विचार झटकून टाकायचे.

आधी सरळ उपाय करून पाहिले. हवा तपासली, अलाइनमेंट करून घेतली. डावीकडचं टायर उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे घातलं, तर जे डावीकडे आलं तेच झिजायला लागलं. टायरवाला म्हणाला, "ताई, ह्ये कशाला तरी रोज घासतंय. म्हणून अलाइनमेंटबी टिकंना. कुठं घासतंय ते आमाला काय ठावं?"

घरी येऊन वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "रस्तं खराब हाईत."

"मग खड्डे काय फक्त डावीकडंच हाईत?"

त्यांनी पेपर उघडला. त्यांना उत्तर द्यायचं नसलं की ते पेपर उघडतात.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "मी पण येतो." (पुण्यात मी 'येते' असते. कोल्हापुरात पाय ठेवला की आईसारखी 'येतो' होते.) आई नेहमीप्रमाणे पुढे बसली, मी मागे, चुका शोधायला. पण चूक सापडेल तर शपथ. उसाच्या ट्रॉलीला त्यांनी वाट दिली, समोर घुसलेल्या मोटरसायकलवाल्याला एक सणसणीत शिवी दिली आणि वळणावर वेळेत इंडिकेटर दाखवला. मला तर उलट रागच यायला लागला.

मग खालाची गल्ली आली. तिच्या दारासमोर उघडं गटार आहे आणि त्यावर एक जाड दगडी फरशी टाकलेली आहे. वडिलांनी गाडी फरशीजवळ आणली, थांबवली आणि जागच्या जागी स्टेअरिंग गच्च डावीकडे वळवलं. मग इंचाइंचानं पुढे. टायर फरशीच्या कडेला लागलं आणि असं करकरलं की माझे दात आंबले.

"अहो, घासलं की!" मी ओरडले.

आईनं शांतपणे दार उघडलं. दार बरोबर फरशीच्या वर आलं होतं. तिनं पाय बाहेर काढला, तो थेट फरशीवर पडला, आणि ती खालाच्या दारात गेलीसुद्धा.

ती आत गेल्यावर मी वडिलांवर तुटून पडले. त्यांनी ऐकून घेतलं.

"तिचा गुडघा गेलाय," ते म्हणाले. "खालनं त्या उंच फरशीवर चढायला भ्या वाटतं तिला. एकदा मी हात दिला, तर सगळ्या गल्लीदेखत म्हणाली, मी काय म्हातारी झालो व्हय? गाडी फरशीला चिकटवली की तिला कुणाचा हात लागत न्हाई."

"आईला माहीत आहे हे?"

"न्हाई. आणि तू सांगायचं न्हाईस."

चहाला आत गेले तर आईनं मला चुलीपाशी ओढलं आणि कानात म्हणाली, "बघितलंस न्हवं? रोज घासतात. ह्यांचा अंदाज गेलाय गं. पण तोंडातनं चकार शब्द काढू नकोस. लई मनाला लावून घेतील." खाला चहा गाळत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबलं. तिला दोन्हीकडचं सगळं ठाऊक होतं.

किल्लीचा विषय मी पुन्हा काढला नाही. माझा बाप आपला एवढ्या अभिमानाचा अंदाज रोज संध्याकाळी बायकोपायी गटारात घालत होता आणि ती तो झाकत होती. माझं दोघांवर इतकं प्रेम आहे हे मला त्या दिवशी नीट कळलं.

यंदा वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही दिवस गाडी माझ्या हातात आली. आई पुढे, वडील काळा चष्मा लावून मागे. खालाच्या दारात मी थांबले आणि जागच्या जागी स्टेअरिंग गच्च वळवलं.

"अजून बोटभर घे," मागून हळू आवाज आला.

टायर करकरलं. आई फरशीवर उतरली, तिनं वाकून टायरकडे बघितलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"बापावर गेलीस की. तुलाबी अंदाज न्हाई."

"व्हय," मी म्हटलं, "न्हाईच."