गिरीशने घेतलेली तारीख

गिरीश वऱ्हाडपांडेला अमेरिकन फुटबॉलची तिकिटं मिळाली ती दुसऱ्या कोणाला नको होती म्हणून. १९७९ साल होतं. सॅन फ्रान्सिस्कोची फोर्टीनायनर्स ही टीम त्या मोसमात सोळापैकी दोन सामने जिंकली. आदल्या वर्षीही दोनच. सांता क्लारातल्या त्याच्या लॅबमधल्या लोकांनी हात टेकले आणि तिकिटं या नागपूरच्या सज्जन माणसाच्या गळ्यात मारली. गिरीश गेला. खाडीवरच्या बोचऱ्या वाऱ्यात दोन स्वेटर घालून बसला, हरून घरी आला आणि पुढच्या सामन्याला पुन्हा गेला.

मला त्या खेळाचा राग यायचा. एक माणूस धावतो, पाच जण त्याच्या अंगावर पडतात, मग सगळे उठून बराच वेळ विचार करतात. गिरीश मला समजावायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांना, इतकं सोपं आहे. इतकं सोपं आहे तर तुझ्या टीमला का जमत नाही, असं मी विचारलं की तो पुन्हा पहिल्या यार्डापासून समजवायला लागायचा.

पण गिरीशशिवाय माझं पानही हलत नव्हतं. आमच्या महाराष्ट्र मंडळाचं संक्रांतीचं नाटक मी बसवायचे आणि गिरीश प्रॉम्प्टर. आमचे नट दिवसभर कंपनीत डोकं झिजवून यायचे, पाठांतराच्या नावाने शंख. गिरीश विंगेत बसून वाक्याचे पहिले दोनच शब्द द्यायचा, तेही नटाने श्वास घेतला की मगच. एका वर्षी तो आजारी पडला आणि विनयने प्रॉम्प्टिंग केलं, तेव्हा प्रेक्षकांना नाटक दोनदा ऐकू आलं.

१९८१च्या ऑगस्टमध्ये शाळेचा हॉल बुक करायला गिरीशनेच फोन केला. आम्ही संक्रांतीनंतरचा रविवार शोधत होतो आणि चोवीस जानेवारी मोकळा होता. का मोकळा, हे आधी कोणाच्या डोक्यात आलं नाही. फोनवरच्या बाई म्हणाल्या, त्या दिवशी सुपर बोल आहे, फुटबॉलचा अंतिम सामना, चालेल ना? गिरीशने आम्हाला ते हसत हसत सांगितलं. त्याने त्यांना उत्तर दिलं होतं की आमची टीम त्या दिवशी घरीच असेल.

टीम घरी बसली नाही. पहिल्या तीनपैकी दोन सामने हरली, आणि मग काय अंगात आलं कोण जाणे, जिंकतच सुटली. ज्या डॅलसने आदल्या वर्षी एकोणसाठ गुण ठोकून नामुष्की केली होती, त्यांनाच धूळ चारली. डिसेंबरपर्यंत तेरा विजय झाले. एरवी गिरीशला वेड्यात काढणारे आमचे लोक तालमीत त्याला नियम विचारू लागले. दहा जानेवारीला पुन्हा डॅलसच समोर आले. शेवटच्या मिनिटाला एका लांबलचक माणसाने हवेत झेप घेऊन चेंडू झेलला आणि एका गुणाने आपले लोक सुपर बोलला पोचले. गिरीश तेव्हा स्टेडियममध्ये होता. दुसऱ्या दिवशी तालमीला त्याचा आवाज बसलेला होता.

मंडळात हलकल्लोळ झाला. तारीख बदला म्हणून फोनवर फोन. पण हॉल पुढे एप्रिलपर्यंत भरलेला. निम्म्या कुटुंबांनी येणं कॅन्सल केलं. गिरीश सुट्टी मागणार असं मी धरूनच चालले होते आणि भांडायची तयारीही केली होती. शेवटी न राहवून मीच विषय काढला.

"तारीख मी घेतली आहे, शरयू," तो म्हणाला आणि पहिल्या अंकाचं पान उघडलं.

त्याने सगळ्यांकडे एकच गोष्ट मागितली. शेजाऱ्याच्या व्हीसीआरवर सामना टेप होणार होता. तो पाहीपर्यंत निकाल कोणी सांगायचा नाही.

रविवारी दुपारी प्रेक्षक जेमतेम चाळीस. सामना सव्वाएकच्या सुमारास सुरू झाला, नाटक दीडला. शैलेंद्रची हवालदाराची छोटीशी भूमिका होती, म्हणून बहुतेक वेळ तो विंगेत कानाला ट्रान्झिस्टरचा इयरफोन लावून उभा. तिसऱ्या अंकात तो एकदम गिरीशजवळ गेला. समोरच्या विंगेतून मला सगळं दिसत होतं. त्याने इयरफोन पुढे केला, दुसरा हात नाटकाच्या वहीकडे नेला. दोन मिनिटं तू ऐक, वही मी धरतो, असं ते चाललं होतं. गिरीशने इयरफोनकडे पाहिलं. तहानलेल्या माणसाने पाण्याकडे पाहावं तसं पाहिलं, खोटं कशाला बोलू. मग त्याने नकारार्थी मान हलवली आणि वहीवर बोट ठेवलं. पुढच्याच क्षणी पद्मिनी, आमची नायिका, पार कोरी झाली. गिरीशने दोन शब्द दिले. तिने वाक्य उचललं आणि असं म्हटलं की चाळीस जणांनी दोनशे जणांसारख्या टाळ्या वाजवल्या.

नाटक संपलं. लोकांनी तिळगूळ दिला-घेतला, निकाल कोणी ओठाबाहेर काढला नाही. पण आम्ही पार्किंगमध्ये आलो तर सगळं गाव हॉर्न वाजवत होतं. माणसं गाड्यांच्या खिडक्यांतून अर्धी बाहेर येऊन ओरडत होती. आता काय झाकणार? गिरीश गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, माझेही. नाटकापायी त्याचा सामना हुकवून त्याच्यावर मी किती अन्याय केला, असं मला वाटलं आणि तसं मी त्याला सांगितलंही.

"उलट बरं झालं," तो म्हणाला. "आता पाहताना पोटात गोळा येणार नाही."

संध्याकाळी आम्ही सातआठ जण टेप बघायला त्याच्या शेजाऱ्याकडे जमलो. तिसरं सत्र आलं. समोरची टीम आपल्या गोलरेषेपासून तीन यार्डांवर, हाताशी चार प्रयत्न. पहिला प्रयत्न अडवला. गिरीश उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"अरे ये ना," मी हाक मारली. "आपण जिंकलोय."

"ठाऊक आहे गं," आतून आवाज आला. "पण अजून नाही."