शेजारचं लॉन आणि बाहुबली सर

पलूसच्या आमच्या कॉलनीत बाहुबली सरांना कुणी तब्येत विचारली, तर ते रक्तदाब सांगतात, थोडी साखर सांगतात. खरा आजार सांगत नाहीत. त्याची लक्षणं मात्र त्यांनी एकतीस वर्षं वर्गात शिकवली.

सरांचा विषय इतिहास. पुस्तकात दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका अर्ध्या पानात उरकलेली असायची. सर तिला आठ दिवस घ्यायचे. युद्ध संपलं, सैनिक घरी आले, रणगाडे काढणारे कारखाने फ्रिज काढायला लागले. एकसारख्या घरांच्या वसाहती उठल्या. दारात मोटार, पुढं कापलेली हिरवळ. इथवर आलं की सर खडू खाली ठेवायचे. "माणसाला फ्रिज नको असतो बाळांनो. शेजाऱ्याच्या फ्रिजपेक्षा एक बोट उंच फ्रिज हवा असतो. तिथं सुख संपतं आणि जळणं सुरू होतं." मग दुसरी बाजू. त्याच वसाहतींत काळ्या माणसाला खिशात पैसे असूनही घर मिळत नव्हतं. "भरभराट झाली, पण कुंपण घालून झाली!"

एका वर्षी मागच्या बाकावरून धनाजीनं विचारलं, "सर, मग त्या कुंपनाभाईरच्या लोकांची मेंढरं कुठं बसायची?"

वर्ग हसला. सरही हसले. धनाजीचं घर आटपाडीकडचं, मेंढपाळांचं. दिवाळी झाली की त्याचे वडील कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायचे. शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. पोरानं आपल्या परीनं अगदी मुद्द्याचं विचारलं होतं. सरांनी मात्र "जा अमेरिकेला, आणि बघून ये" म्हणून त्याला खाली बसवलं.

तो अमेरिकेला गेला नाही. कोईमतूरला सोनं गाळायच्या दुकानात भट्टीपुढं बसला, पुढं स्वतःची दुकानं काढली, आणि सदतीस वर्षांनी परत येऊन त्यानं बरोबर सरांच्या भिंतीला लागून असलेला प्लॉट घेतला.

बंगला तीन मजली झाला. सर म्हणाले, "माणसं किती? चार. शिट्टी वाजवून एकमेकांना बोलवायचं काय?" दोन दारांचा फ्रिज आला. सर म्हणाले, "एका दारानं आत जात असतील, दुसऱ्यानं बाहेर." सरांच्या स्वतःच्या फ्रिजचं दार गेली सहा वर्षं सुतळीनं बांधलेलं आहे.

"अहो, तुम्हीच शिकवायचात ना हे सगळं?" चंदनबाला काकू म्हणाल्या.

"शिकवणं वेगळं. डॉक्टरला सर्दी होत नाही काय?"

तेही त्यांनी गिळलं असतं. पण मग लॉन आलं. पुण्याहून ट्रकभर गवत आलं, सतरंजीसारखं गुंडाळून. माणसांनी ते उलगडून अंथरलं. वर कारंजी फिरायला लागली. आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी. सरांची सदाफुली माना टाकून उभी, आणि भिंतीपलीकडं गवताला दोनदा अंघोळ. सर गच्चीवर जाऊन पेपर वाचायला लागले. पेपर बऱ्याचदा उलटा असायचा.

लॉनवर आणखी एक माणूस नाराज होतं. धनाजीची आई, दगडाबाई. जन्म मेंढरांमागं गेलेला. आता कडेच्या खुर्चीत बसून असायच्या. "एवढं हिरवं, आन खायाला कोन न्हाई. आसलं कसलं रान रं ह्ये?"

"आई, हे बघायचं आसतंय."

"बघून प्वाट भरतं व्हय?"

अशात सरांची पंच्याहत्तरी आली. आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी सत्काराची बैठक घेतली. सरांच्या मनात कार्यक्रम आपल्याच अंगणात व्हावा असं होतं. ती शहाबादी फरशी त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली. पण तिथं खुर्च्या मावत होत्या चाळीस.

"आपलं लॉन हाय की!" धनाजी उठून म्हणाला. "दोनशे खुर्च्या बसत्यात. मांडव, जेवान, समदं माझ्याकडं. सरांनी फकस्त यायचं."

टाळ्या पडल्या. दाढ काढताना माणूस हसतो तसे सर हसले. घरी आल्यावर काकूंना म्हणाले, "पंच्याहत्तर वर्षं जगलो मी, आणि लोक घरी जाताना काय म्हणणार? लॉन झकास होतं!"

कार्यक्रम रविवारी. गुरुवारी धनाजी बायको-मुलीला घेऊन कोईमतूरला गेलेला, शनिवारी परतणार होता. गुरुवारीच दुपारी कालव्याच्या रस्त्यानं दोनशे मेंढरांचा कळप आला. मुंगी दिसली तर वळसा घालून जाणाऱ्या सरांच्या मनात एकदम भूतदया दाटून आली. सुडाचे बहुतेक प्रकार जैन धर्मात बसत नाहीत; हा बसत होता.

"आज कुठं बसवणार मेंढरं?" त्यांनी मेंढक्याला, अर्जुनाला विचारलं.

"बगायचं मास्तर. जिकडंतिकडं ऊस झालाय. बसवायला रान कुठं ऱ्हायलंय आता?"

"हे आहे की."

अर्जुनानं लॉनकडं बघितलं, बंगल्याकडं बघितलं. "मास्तर, मालक हानंल मला."

"मालक माझा विद्यार्थी आहे. ज्वारी मी देतो, पोतंभर."

तरी अर्जुना हलेना. इतक्यात मेंढरांचा आवाज ऐकून दगडाबाई काठी टेकत फाटकाशी आल्या. "कुनाची रं मेंढरं? आटपाडीची? आन मग भाईर का हुबा ऱ्हायलास?" असं म्हणून त्यांनी स्वतःच फाटक सताड उघडलं.

शुक्रवारी सकाळी लॉनची हजामत झालेली होती. वर काळी मिरी सांडावी तशा लेंड्या. दगडाबाई एक कोकरू मांडीवर घेऊन गवतातच बसल्या होत्या, आणि खुर्ची मोकळी होती.

शनिवारी धनाजी आला तेव्हा सर पडद्याआड उभे होते. तो लॉनपाशी बराच वेळ थांबला. आईशी बोलला. मग सरांच्या दारात आला. "सर, लॉनवर आता जमायचं न्हाई. कार्यक्रम तुमच्याच अंगनात करू."

"अरेरे," सर म्हणाले. एवढं सुबक अरेरे त्यांना उभ्या नोकरीत जमलं नव्हतं.

रविवारी चारलाच सुरुवात केली, कारण सर सूर्यास्ताआधी जेवतात. चाळीस खुर्च्यांवर चाळीस जण, बाकीचे रस्त्यावर, भिंतीवर, जिन्यावर. धनाजी फरशीवर मांडी घालून, सगळ्यांत मागं. शाल-श्रीफळ झालं आणि सगळ्यांनी हट्ट धरला, "सर, अमेरिका!" सर खुलले. युद्ध संपवलं, सैनिक घरी आणले, फ्रिज काढला. एक बोट उंचीपाशी आले आणि त्यांची नजर मागं फरशीवर बसलेल्या धनाजीवर गेली. सर पाणी प्यायले. मग कुंपणाचा भाग आला, तो त्यांनी घेतलाच नाही. एकदम आभार मानून खाली बसले. आठ दिवसांची अमेरिका पाच मिनिटांत संपली.

महिन्याभरात लॉन फुटून आलं. आणि कसं! आधी पोपटी होतं, आता काळंभोर हिरवं, पाऊल रुतेल असं दाट. लेंडीखताचा गुण. सर गच्चीवर गेले आणि पेपर न उघडताच खाली आले.

संध्याकाळी भिंतीवरून धनाजीचं डोकं वर आलं. "सर, पुण्याचा माळी इचारतोय, कसलं औषिद घातलं? म्हनलं, आमचं घरचं हाय. फुडच्या साली बी मेंढरं बसवायचीत. त्या दिसापासनं आई गुडघा दुखतोय म्हनाली न्हाई बगा. अर्जुनाचा नंबर तुमच्याकडं आसंल न्हवं?"

सरांनी आवाज खाली आणला. "तुला... कधी कळलं?"

"शनवारीच. आईनं सांगितलं की, मास्तरांनी ज्वारी दिली म्हनून."

"मग बोलला नाहीस?"

"काय बोलू सर? मेंढरं कुठं बसायची, ह्ये मी लय वर्सांमागं इचारलं हुतं. उत्तर उशिरा मिळालं, पर मिळालं."

सरांनी नंबर दिला. आत येऊन जपमाळ घेऊन बसले. काकूंना वाटलं, माणूस सुधारला.

"बघितलंस?" सर शेवटी म्हणाले. "मनसुद्धा त्याचंच मोठं! तीन मजली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ठणठण आवाज आला म्हणून आम्ही बघितलं, तर पंच्याहत्तर वर्षांचे बाहुबली सर पहार घेऊन आपल्या अंगणातली शहाबादी फरशी उखडत होते.

"अहो, हे काय चाललंय?" काकू ओरडल्या.

"वीस मेंढरं आरामात बसतील," सर धापा टाकत म्हणाले. "अर्जुनाला फोन करून सांगितलंय. पुढच्या वर्षी आधी आपल्याकडं. मग शेजारी."