सामाईक फ्रीजमधली मेंढरं

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी दाट धुकं. मलकापूरच्या हायवेवरच्या उसाच्या ट्रॉल्या दिसत नव्हत्या, नुसत्या ऐकू येत होत्या. दहानंतर ऊन.

आज दुपारी अश्विनीचे निकाल येणार. आटपाडीकडच्या मेंढ्यांच्या रक्तातला डीएनए वाचून त्यांचं मूळ शोधायचं, हा तिचा पीएचडीचा विषय. फेलोशिप मार्चमध्ये संपते. नमुने खराब निघाले तर पुन्हा घ्यायला मेंढ्याच जागेवर नाहीत. कळप चाऱ्यासाठी कधीच लांब गेलेत. ती सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसून आहे. मला करण्यासारखं काही नाही, म्हणून लिहीत बसलोय.

तसे आमच्याकडे किस्से शोधावे लागत नाहीत. सातारा-सांगलीतल्या पाच कॉलेजांत मिळून एक लॅब! सामाईक विहिरीवर पाळीवरून भांडणं होतात, तसे इथं किस्से होतात. मी व्यवस्थापक, म्हणजे विहिरीच्या काठावर उभा असलेला माणूस.

*

डीएनएच्या प्रती काढायचं पीसीआर मशीन आमच्याकडे एकच. एकदा सकाळी बघतो तर त्याच्यावर रुमाल पसरलेला. रुमाल सांगलीच्या सूरजचा, आणि सूरज समोरच्या हॉटेलात मिसळ खातोय! फोन लावला.

"सर, एसटीत टाकतो तसा टाकलाय. जागा धरलीय!"

तो परत येईपर्यंत अश्विनीनं रुमालाची घडी घालून बाजूला ठेवली होती आणि स्वतःचे नमुने लावले होते.

"माझी जागा?" सूरज ओरडला.

"गाडी सुटली. आता उभ्यानं ये!"

*

संख्याशास्त्र शिकवायला वाईहून कुलकर्णी मॅडम येतात. पी व्हॅल्यू नावाचा एक आकडा असतो. तो ०.०५च्या खाली आला की पेपर छापून येतो, असा आमच्या सगळ्या गाईड लोकांचा समज. एक गाईड सर मॅडमना गाठून म्हणाले, "०.०६ आलाय. जरा खाली घ्या की."

"सर, ही काय मंडईतली वांगी आहेत?"

सरांनी गंभीरपणे विचार केला.

"बरं, तुमचंही नको, माझंही नको. साडेपाच करा!"

*

मेंढीचं रक्त घ्यायचं तर मालकाची लेखी संमती लागते, असं आम्ही ट्रेनिंगमध्ये मुलांकडून घोकून घेतो. अश्विनी पहिल्यांदा बिरूअण्णांच्या वाड्यावर गेली, मेंढरं बसवलेल्या माळावर, तेव्हा तिनं कागद पुढं केला.

अण्णांनी विचारलं, "सही माजी घेनार का मेंढराची?"

"तुमची, अण्णा."

"मंग सुई बी मलाच टोचा की! सही एकाची आन रगात दुसऱ्याचं, आसं कुटं आसतंय व्हय, ताई?"

*

आता दसऱ्याचं.

आमच्या इमारतीची वीज दादूमामा बघतात. मिलिटरीतून रिटायर झालेले, शिस्तीचे. खंडेनवमीला त्यांनी सगळी मशीनं पुसली, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. आम्ही सगळे नमस्कार करून, पेढे खाऊन घरी गेलो. मग मामांनी मेन स्विच बंद केला.

दसऱ्याला सकाळी मी सहज डोकावलो. लॅब चिडीचूप. वजा ऐंशीवर चालणारा फ्रीज वजा तीसवर आलेला, आणि आत अश्विनीचे सगळे नमुने.

"मामा, काय केलंत हे?"

"आवं साहेब, हत्याराला एक दिस तरी इसावा नको व्हय? ह्यो फ्रीज लय बोंबलत हुता. त्याचा आवाज बी बंद केला."

स्विच चालू केला, पण फ्रीज काही सुरू होईना. पुण्याचा मेकॅनिक म्हणाला, परवा येतो. अश्विनी आली, फ्रीजकडं बघितलं आणि खालीच बसली. शेवटी मामांनीच गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हशी भरवायला रेड्याचं वीर्य ज्या टाकीत ठेवतात, तिच्यात द्रव नायट्रोजन असतो. आमच्या फ्रीजपेक्षाही कितीतरी थंड.

डॉक्टर मोटरसायकलला टाकी बांधून आले. म्हणाले, "आत जागा हाय. पण टाकी हितं ठेवता येणार न्हाई. माझी फेरी चालू हाय."

"आज सणाचं, सर?" अश्विनीनं विचारलं.

"म्हशीला सण कळतोय व्हय? माजावर आली की आली!"

"मग मीही येते," ती म्हणाली.

नमुन्यांच्या नळ्या टाकीत वीर्याच्या नळ्यांशेजारी ठेवल्या, आणि दोन दिवस ती डॉक्टरांच्या मागं बसून, टाकी मांडीवर धरून गोठ्या-गोठ्यांतून फिरली. एका गोठ्यात म्हातारी म्हणाली, "नवी डॉक्टरीण दिसती! आवं बाई, तुमीच भरवा, ह्यांचा हात लय थंड हाय!" तिसऱ्या दिवशी फ्रीज सुरू झाला आणि नमुने परत आत गेले.

आज साडेतीनला निकाल आले. एक सोडून सगळे नमुने शाबूत, सगळे मेंढ्यांचे. गाईडनी अश्विनीला प्रबंध लिहायला घ्यायला सांगितलं. तो एक नमुना मुऱ्हा जातीच्या रेड्याचा आहे.

पाच वाजता डॉक्टरांचा फोन आला. त्या दोन दिवसांत भरवलेल्या म्हशी त्यांनी तपासल्या. एक सोडून सगळ्या गाभण आहेत.