न बिघडलेल्या यंत्राचा खर्च

ओमानमधल्या सीबला समुद्राकाठच्या वस्तीत झुवैनाचं घर. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी, चाळिशीला टेकलेली, कधी आवाज न चढवणारी बाई म्हणून शेजारीपाजारी तिचं नाव होतं. खरं तर आवाज चढवायला घरात तिला कुणी जागाच ठेवली नव्हती. एकीकडे नवरा, दुसरीकडे सासू, आणि दोघांचंही आपलं तेच खरं.

नवरा खल्फान एका बांधकाम कंपनीत खरेदीखात्यात होता. समोरच्यानं शंभर सांगितले की त्याला सत्तरावर आणायचं, हे त्याचं रोजचं काम. ती सवय घरीही सुटायची नाही. हिवाळा सरत आला की झुवैना म्हणायची, "अहो, उकाडा सुरू व्हायच्या आत एसी धुवून घेऊ या. माणसाला बोलवा."

"बिघडलेत का?"

"नाही, पण..."

"थंड हवा येते ना? मग पैसे कशाचे द्यायचे? चालत्या यंत्राला एकदा पाना लागला की तोच माणूस सांगणार, हे गेलंय, ते झिजलंय. धंदाच असतो तो त्यांचा. मला शिकवतेस?"

घरात पाच एसी, एकेक धुवायचे आठ रियाल. त्याच महिन्यात ह्या गृहस्थानं गाडीच्या चाकांना चकचकीत टोप्या बसवून आणल्या. त्या केवढ्याला पडल्या हे विचारायची सोय नव्हती. झुवैना स्टुलावर चढून एसीच्या जाळ्या काढायची, नळाखाली धुवायची, परत लावायची आणि आपल्याकडून होतं ते केलं म्हणून गप्प बसायची. असे तीन-चार उन्हाळे निघाले.

मग सासरे वारले आणि सासू शिनूना निझव्याहून कायमची राहायला आली. येताना तिनं दोन पेट्या आणि एक मातीचं धुपाटणं आणलं. सूर्य कलला की निखारे पेटवायचे, वर लोबानाचे खडे टाकायचे आणि धुपाटणं घेऊन खोलीखोलीतून फिरायचं, हा तिचा जन्माचा नेम. एसी मात्र तिला मुळीच खपायचा नाही. "खिडक्या बंद करून भिंतीतून हवा घ्यायची, ही काय तऱ्हा झाली?" असं ती येताजाता म्हणायची.

त्या वसंतात झुवैनाच्या सात वर्षांच्या लेकीला, बस्माला, खोकला लागला. साधा नव्हे. दुपारी झोपली की ढास लागायची, ती उठून बसेपर्यंत थांबायची नाही. डॉक्टरांनी औषध दिलं आणि गालिचे काढा, मांजर असेल तर लांब ठेवा, असं सांगितलं. गालिचे गुंडाळले गेले. बस्माचं लाडकं मांजर शेजारच्या घरी गेलं. त्या दिवशी बस्मा जेवली नाही. खोकला होता तिथेच राहिला.

मग खल्फाननं रात्रभर फोनवर काहीबाही वाचलं आणि सकाळी कहवा पिताना जाहीर केलं, "आई, लोबान बंद. धुरानं होतंय हे."

शिनूना त्याच्याकडे बघतच राहिली. "तू ह्याच धुरात वाढलास. तुझा बाप ह्याच धुरात ऐंशी वर्षांचा झाला. आणि पोरीच्या खोलीतल्या त्या डबड्याला ओल्या बोकडाचा वास मारतोय, तो नाही येत तुझ्या नाकाला?"

"तुला एसी आवडत नाही म्हणून तसं वाटतं."

"आत्याबाई म्हणतात ते खरंय," झुवैना म्हणाली. "मलाही वास येतो. आतून धुवून घेऊ या की एकदा."

"झालं! आता तूही तिच्या बाजूनं?"

"मी कुणाच्या बाजूनं नाही हो!"

"म्हणजे माझ्याही नाहीस," शिनूना म्हणाली आणि धुपाटणं उचलून अंगणात गेली. जूनच्या त्या घामट संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसली आणि तिथेच निखारे फुंकू लागली. मग रोजच ती तिथे बसू लागली. येणारेजाणारे विचारायचे, "शिनूनाबाई, बाहेर का?" ती सांगायची, "मला घरातून काढलंय." झुवैना शाळेतून यायची ती शेजारणींच्या नजरा झेलतच. तोवर विजेचं बिल दीडपट आलं, त्याचं खापर बस्मावर फुटलं. का, तर पोरगी दारं उघडी टाकते!

जुलैत एका दुपारी बस्मा झोपेतून ओरडत उठली. एसीतून पाण्याची धार थेट तिच्या उशीवर पडत होती. झुवैनानं पुढचं झाकण उघडलं तर आत बर्फ. हा एवढा थर! तासाभरात यंत्र घुरघुरलं आणि बंद पडलं.

आता खल्फाननं फोन फिरवायला सुरुवात केली. पण भर उन्हाळ्यात रिकामा माणूस मिळणार कुठून? कुणी पुढच्या आठवड्यात म्हणे, कुणी फोनच उचलेना. बाकीचेही असेच बंद पडतील या धास्तीनं खल्फाननं दिवाणखान्यातला एकच एसी चालू ठेवला, आणि सगळं घर तिथेच झोपू लागलं. मधे खोकणारी बस्मा, एका कडेला घोरणारा खल्फान, दुसऱ्या कडेला उसासे टाकणारी शिनूना. झुवैना दोघांकडे पाठ करायचा प्रयत्न करायची, पण तसं झोपताच येईना.

शेवटी गुलरेज नावाचा एसीवाला आला. पेशावरकडचा, अंगापिंडानं आडवा आणि मुलखाचा घाईतला. "अजून सहा घरं आहेत मला," असं तो दारातूनच म्हणाला. त्यानं एसीखाली प्लास्टिकची झोळी बांधली, पंप लावला आणि आत फवारा मारला. झोळीतून बादलीत जे उतरलं ते पाणी म्हणवत नव्हतं. काळं, चिकट, वर तरंगणारे बुरशीचे लगदे. आणि तो वास! खल्फाननं नाकाला रुमाल लावला. शिनूना बादलीपाशी उभी राहून मान डोलवत होती.

"आला ना बोकड बाहेर?" ती म्हणाली.

गुलरेजनं बोटावर काळं घेऊन चोळून पाहिलं. "घरात लोबान जाळता का?"

शिनूनाची मान थांबली.

"बघ!" खल्फान उसळला. "मी सांगत होतो!"

"अहो साहेब, इथे लोबान कोणाच्या घरात जळत नाही?" गुलरेज वैतागून म्हणाला. "चिकटतो, खरंय. पण लोक धुतात की! हे कधी धुतलंय? पाणी जायची नळी तुंबलेली, आतली कॉइल सडलेली, गॅस गेलेला. ह्यात आता जीव नाही. नवीन घ्या."

"नवीन?" खल्फानचा आवाज बारीक झाला. "म्हणजे... दुरुस्तीचं काही कमीत बघता येणार नाही?"

"खारी हवा, त्यात हा चिखल. दुरुस्त करायला राहिलंय काय?"

"लोबान नसता तर इतकं झालं नसतं," खल्फान आईकडे वळून म्हणाला.

"तू वेळेवर धुतलं असतंस तर झालं नसतं!"

"धूर तुझा!"

"कंजूषपणा तुझा!"

दोघांची अशी जुंपली असताना गुलरेजनं झोळी गुंडाळली आणि सामान उचलून तो चालता झाला. झुवैनाला कळलं तेव्हा गाडीचं दार वाजत होतं. ती तशीच सपाता घालून उन्हात धावली.

"थांबा! बाकीचे चार राहिलेत."

"बाई, पुढच्या घरी लोक खोळंबलेत..."

"परवा या. तेरवा या. पण चारही धुवा, आणि आता दर सहा महिन्यांनी यायचं. पैसे मी देणार, मला फोन करायचा. त्यांना नाही."

ती परत आली तरी आत वाद चालूच होता. आणि मग सगळ्या गल्लीनं ऐकलं असेल इतक्या मोठ्यानं झुवैना बोलली.

"पुरे! दोघंही गप्प बसा! लेकरू चार महिने खोकतंय. त्याचं मांजर घालवलं, गालिचे काढले, आजीला अंगणात बसवलं, लेकरालाच बोल लावला. आठ रियालचं काम तेवढं कुणाला सुचलं नाही! आणि आत्याबाई, बादलीत तुमचाही वाटा आहे. आता धुपाटणं घरात आणायचं असेल तर खिडक्या उघड्या लागतील. आणि तेवढा वेळ एसी बंद."

शिनूना हळूच म्हणाली, "खिडक्या उघडायचंच तर मी केव्हापासून सांगतेय." पण तेही पुटपुटतच.

नवीन यंत्र बसलं. बाकीचे चार धुतले गेले, त्यांचंही पाणी काळंच निघालं. बस्माचा खोकला एका दिवसात गेला नाही, पण ऑगस्टच्या मध्यापर्यंत कमी कमी होत गेला. डॉक्टर म्हणाले, एसीमुळेच होता असं छातीठोक सांगता येत नाही, पण तसा घाणेरडा एसी कुठल्याच मुलाच्या उशाशी नको. बिल उतरलं. त्याचं श्रेय खल्फाननं ऑफिसात स्वतःकडे घेतलं, हे झुवैनाला त्याच्याच मित्राच्या बायकोकडून कळलं. मांजर मात्र शेजारीच रमलं. तिकडे त्याला रोज मासे मिळत होते.

त्या महिनाअखेरीस एका दुपारी झुवैना बस्माच्या पलंगाच्या कडेला बसली होती. पोर शांत झोपली होती, श्वास एकसारखा चालला होता. तो ऐकता ऐकता झुवैनाला आनंद व्हायच्याऐवजी रागच येत होता, नवऱ्याचा, सासूचा आणि दर वर्षी "बरं" म्हणून स्टुलावरून खाली उतरणाऱ्या स्वतःचाही. खल्फान दारात येऊन उभा राहिला.

"मला नव्हतं वाटलं असं होईल," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मला वाटलं होतं. दर वर्षी सांगत होते."

"हो. सांगत होतीस."

तो पलंगाशी जमिनीवरच बसला. बस्मानं कूस बदलली. दोघंही ढास ऐकू येते का म्हणून थांबले. आली नाही. झुवैनानं पाय जरा आखडून घेतले, त्याला टेकायला जागा झाली. पण त्यापुढे ती त्याच्याशी बोलली ती संध्याकाळी, तेही फक्त भात किती लावू एवढंच विचारायला.