'रिलीज'च्या बटणावर जपानी शब्द

मित्रांनो, दुपारी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन आलो, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. मी कुठल्याही क्लासला न जाता जपानी शिकलोय, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

एका कारखानदाराचं मशीन जपानला चाललंय. त्याच्या एका बटणावर इंग्रजीत 'रिलीज' लिहिलंय. कारखानदाराला त्यासाठी जपानी शब्द हवा होता.

मी विचारलं, "दाबल्यावर सुटतं काय? पकड, कुलूप की हवा? जपानीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. मशीन दाखवा."

मशीनवर ताडपत्री होती. तो म्हणाला, "मशीन कशाला, काका? शेजारच्या शेडवाल्यानं आमचं मशीन चोरून बघायला पाठवलंय व्हय तुमाला? ह्यो बघा, मोबाईल लगेच सांगतोय."

मोबाईलचा शब्द वाचला. सिनेमा रिलीज होतो, त्या अर्थाचा! मी उठलोच. "हाच छापा. तिकडं कुणाचा हात सापडला, तर माझं नाव सांगू नका."

तेव्हा कुठं त्यानं ताडपत्री काढून बटण दाबलं. वरचा जड ठोकळा धाडकन खाली आला.

खरं सांगतो, माझ्या मनात 'पकड सुटते' हाच शब्द पक्का होता. तो वाचून कुणीही सुटलेली वस्तू काढायला बिनधास्त आत हात घातला असता. शेवटी 'वरचा भाग खाली येतो' असं सरळ लिहून दिलं.

आपल्याकडं पाटलांचं घर विचारल्यावर "कोणते पाटील?" असं न विचारता बोट दाखवणाऱ्याचा मला संशय येतो. मोबाईल तसलाच. पण कारखानदारानं ताडपत्री न काढता माझ्या जपानीची थोडी स्तुती केली असती, तर मीही बोट दाखवलंच असतं.

तुमच्या कामात "कोणते पाटील?" विचारायचं कधी राहिलंय का?