नीळबाईच्या नोटा

आमच्या हॉटेलच्या तळघरात कपडे धुण्याचं खातं आहे. तिथे नीळबाईइतकं स्वच्छतेचं वेड दुसऱ्या कुणाला नव्हतं. मी शेजारच्या टेबलावर इस्त्री करायचे, अजूनही करते, म्हणून मला ठाऊक. मशीनमधून निघालेली चादर ती उजेडात धरून बघायची आणि मनासारखी नसली की पुन्हा हाताने निळीच्या पाण्यात बुडवायची. साहेब म्हणायचे, "बाई, परदेशी पावडर आहे, निळीची गरज नाही." ती "बरं साहेब" म्हणायची आणि नीळ घालायची. नाव पडलं ते तिथून. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी पुकारलं जायचं, तेव्हा तीच आधी इकडेतिकडे बघायची.

नवऱ्याने टाकल्यापासून ती भावाकडे राहत होती. राहत होती म्हणजे काय, तर स्वयंपाकघर आणि संडास यांच्या मधल्या बोळात तिचं अंथरूण पडायचं. रात्री ज्याला उठायचं असेल तो तिला ओलांडून जायचा. पोटावर पाय पडला तरी "लागलं का" म्हणायची पद्धत त्या घरात नव्हती. उलट भावजयच म्हणायची, "ताई, जरा अंग आवरून झोपत जा ना." भाऊ बायकोच्या ताटाखालचं मांजर. पगार सगळा भावजयीच्या हातात. नीळबाईची एकच इच्छा होती, दाराला आतून कडी असलेली खोली. "कडी लावायची आणि पाय पसरून झोपायचं. मग उठले नाही तरी चालेल," असं ती म्हणायची आणि आम्ही हसायचो.

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं, कारण तिच्याकडे पैसे होते. आमच्याकडे परदेशी पाहुणे उतरतात. त्यातल्या एकाच्या कोटावर लग्नाच्या आदल्या दिवशी वाइन सांडली होती. तो डाग हिने असा काढला की तो गृहस्थ स्वतः तळघरात उतरला आणि तिच्या हातात त्याच्या देशाची नोट ठेवून गेला. मग असे आणखी आले. खिशात सापडलेली वस्तू ती पाकिटात घालून वर काउंटरवर द्यायची, एकदा तर हिऱ्याची अंगठी दिली होती. हातात दिलेली नोट तेवढी तिची. ती घरी नेली असती तर भावजयीच्या नजरेतून सुटली नसती, म्हणून खळीच्या रिकाम्या डब्यात, इथेच.

आणि ठेवण्याआधी ती नोट धुवायची. हो, धुवायची. "कुणाकुणाच्या घामाच्या असतात गं, वास मारतात." त्याच परदेशी पावडरीत बुडवून, हलक्या हाताने. मग मी दोन फडक्यांच्या मध्ये घालून इस्त्री फिरवायचे. धुतल्याशिवाय कुठलीही वस्तू तिला आपली वाटायची नाही.

शेवटी खोली मिळाली. कपडे शिवणारी एक म्हातारी मागची खोली भाड्याने देत होती, कडी होती, खिडकी होती. अनामत रक्कम आणून द्या, महिनाअखेरपर्यंत थांबते, असं म्हातारीने सांगितलं. सुट्टीच्या दिवशी मी आणि नीळबाई डबा पिशवीत घालून नोटा बदलायच्या ऑफिसात गेलो.

काचेमागच्या कारकुनाने पहिली नोट जांभळ्या दिव्याखाली धरली आणि ती लखलखली. दुसरी लखलखली. त्याने शेजारच्यांना बोलावलं.

"खरी नोट इथे काळपट दिसते, बाई. नुसता आतला धागा उजळतो. तुमच्या तर ट्यूबलाइटसारख्या पेटल्यात."

"स्वच्छ आहेत म्हणून," नीळबाई म्हणाली. अभिमानाने म्हणाली बिचारी. सगळे खो खो हसले.

हसण्याचा आवाज ऐकून आतून एक वयस्कर अधिकारी आले. त्यांनी नोट बोटांनी चाचपली, भिंगातून पाहिली. "पावडरीत धुतल्यात का?"

"सगळ्या."

"कपडे चमकावेत म्हणून पावडरीत जे घालतात ते कागदाला धरतं. म्हणून दिव्याखाली अशा दिसतात."

"मग खऱ्याच ना?"

"मला वाटतं खऱ्या. पण माझ्या वाटण्यावर चालत नाही. कुठून विकत घेतल्या त्याची पावती आहे का?"

"विकत नाही घेतल्या. पाहुण्यांनी दिल्या."

"मग हॉटेलचं पत्र आणा. बक्षीस म्हणून मिळाल्या एवढं लिहून शिक्का मारून आणा. मी तपासून बदलून देतो."

त्या दिवसात तिच्याशी माणसासारखं बोललेला हा एकच माणूस, आणि त्याच्याच सल्ल्याने तिचा घात झाला. मी बाहेर आल्यावर म्हटलं, "मावशी, हॉटेलात तोंड उघडू नकोस. बाजारात निम्म्या भावाने घेणारे आहेत, देऊन टाक." तर म्हणते, "मागच्या दाराने का? मी काय चोरी केली आहे?" याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी तसं बोललेसुद्धा. तिने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने डबा साहेबांच्या टेबलावर उपडा केला. मी सोबत होतेच.

"या पाहुण्यांनी दिल्या?" साहेबांनी विचारलं. "कशावरून?"

"हातात दिल्या, साहेब."

साहेबांनी एक नोट उलटसुलट केली. "ही पाण्यात भिजलेली आहे. सगळ्याच भिजलेल्या आहेत. खिशात असल्याशिवाय नोट कपड्यांबरोबर धुतली जाईल कशी?"

"मी मुद्दाम धुतल्या."

"नोटा कोण धुतं, बाई?"

मी सांगितलं की हो, ही धुते, मी इस्त्री करते. साहेब म्हणाले, "म्हणजे तूही यात आहेस? नसशील तर खाली जा." मी गेले नाही, तर वॉचमनने दंडाला धरून नेलं. पत्र नीळबाईला मिळालं, अगदी शिक्क्याचं. पाहुण्यांच्या कपड्यांतले पैसे दडवल्याबद्दल कामावरून कमी केल्याचं, आणि नोटा हॉटेलने ताब्यात घेतल्याचं. अंगठीच्या वेळी याच साहेबांनी सगळ्यांसमोर तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. मला त्या माणसाची शिसारी येते.

घरी भावजय भडकली, पण चोरीवरून नाही. "इतकी वर्षं आमचं खाल्लंत आणि पैसे बाहेर दडवलेत? खोली बघत होता? आम्ही काय तुम्हाला रस्त्यावर ठेवलं होतं का?" भाऊ वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "ताई, आता तुझं तू बघ." आठवड्याच्या आत त्यांनी तिला निराधार बायकांच्या आश्रमात नेऊन सोडलं. सुंठीवाचून खोकला गेला. मी तिचे कपडे आणायला गेले तेव्हा बोळात तिच्या अंथरुणाच्या जागी नवा फ्रिज होता. त्याला कुणी ओलांडत नव्हतं, सगळे जपून वळसा घालून जात होते. भावजयीने मला त्यातलं गार पाणी दिलं.

आणि नोटा? त्या साहेबांनी हॉटेलच्या बाकीच्या परदेशी नोटांच्या गठ्ठ्यात घातल्या आणि त्याच ऑफिसात पाठवल्या. हॉटेलचा शिक्का होता, जुना व्यवहार होता. दिवा लावला नाही कुणी, पावती मागितली नाही. पूर्ण भाव मिळाला. हे साहेबांनीच आम्हाला तळघरात उभं करून सांगितलं, आणि त्या पैशांतून तुमच्याचसाठी दोन मोठे पंखे घेतलेत म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पंखे चांगले आहेत, वारा थेट माझ्या टेबलावर येतो.

महिना संपल्यावर मी आश्रमात गेले. म्हातारीची खोली तोवर दुसऱ्या कुणी घेतली होती. मोठ्या खोलीत ओळीने कॉट, मधे पाऊल टाकण्यापुरती जागा. नीळबाई वाळली होती. आधी इथल्या चादरी किती पिवळ्या आहेत ते सांगत बसली. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "त्या नोटांचं काय झालं गं? खऱ्या निघाल्या का?"

"खऱ्या निघाल्या," मी म्हटलं.

"सगळ्या?"

"सगळ्या, मावशी. पूर्ण भाव आला."

इतकी खूश झालेली मी तिला कधी पाहिली नव्हती. शेजारच्या कॉटवरच्या बाईला हलवून म्हणाली, "ऐकलंत का? मी रोज सांगत होते ना तुम्हाला." मग माझ्याकडे वळली. "तू अशीच जा त्या म्हातारीकडे. म्हणावं, खोली दुसऱ्या कुणाला देऊ नको, मी निघालेच."

आणि ती कॉटखालचं बोचकं ओढायला वाकली. पंख्यांचं मला अजून सांगायचं होतं.