ओलुवाने सांगितलेलं मरण

फेरो बेटांवरच्या स्कारविक गावात कुणी कुणाचं दार वाजवत नाही. बूट काढायचे, आत शिरायचं, थेट स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. घरधनीण घरात नसली तर आपणच कॉफी ओतून घ्यायची. अशा गावात एकच माणूस एकाच घराचं दार वाजवून, आतून हाक येईपर्यंत पायरीवर उभा राहायचा. माणसाचं नाव हानुस, आणि घर त्याच्या सासूचं, ओलुवाचं. तशी तिची अटच होती.

बोटीवरून परतला की रविवारी तो मुलीला भेटायला यायचा. मुलगी रानवा, आजीपाशी वाढत होती. हानुसची बसायची जागा म्हणजे बूट काढायच्या खोलीतलं बाकडं. स्वयंपाकघराचा उंबरा त्याला बंद. ओलुवा त्याला कॉफी द्यायची, नाही असं नाही, पण कप हातात द्यायची नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून आत निघून जायची. छोटी रानवा आतून बाहेर, बाहेरून आत अशी फेऱ्या घालायची, आणि तिला वाटायचं, बाप म्हणजे बाकड्यावर बसणाऱ्याला म्हणतात.

असं का, हे गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं. ओलुवानेच ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सांगावं तर ओलुवानेच. दिवसभर माशांच्या कारखान्यात पट्ट्यासमोर उभी राहून कॉड कापायचा, संध्याकाळी लोकर घेऊन बसायचं, आणि विणता विणता बोलायचं. नवरा बोटीवरून समुद्रात पडला ती गोष्ट ती सांगायला लागली की बायकांच्या सुया थांबायच्या. पण तिची खरी गोष्ट होती ती बिल्लाची, तिच्या एकुलत्या एक लेकीची. दर ऑक्टोबरात मेंढरं डोंगरावरून खाली आणायचे दिवस आले की शेजारची मालान सूत उलगडत म्हणायची, "आता या दिवसांत तुला किती जड जात असेल, ओलुवा," आणि ओलुवा सुरू व्हायची.

"पोर तापाने फणफणलेली. घसा सुजलेला, पोटात अन्नाचा कण नाही. लेकरू पाळण्यात. आणि हा गडी काठी उचलून निघाला डोंगरावर मेंढरं हाकायला. परत आला तर माझी बिल्ला बाकावर गार पडलेली." मग ती टाका मोजल्यासारखं करून थांबायची. "मेंढरं मात्र एकही हरवलं नाही हं."

हे शेवटचं वाक्य गावाला पाठ होतं. पोरंसुद्धा हानुसच्या मागून म्हणायची. हानुसने कधी मागे वळून पाहिलं नाही, कधी तो कुणाला एक शब्द उलटा बोलला नाही. आणि न बोलणाऱ्या माणसाबद्दल गाव जे ठरवतं तेच स्कारविकने ठरवलं.

अशी वर्षं गेली. रानवा शिकून मोठी झाली, बोगद्यापलीकडच्या शहरात केस कापायच्या दुकानात लागली. त्याच सुमारास फेरो बेटांवर दोन-तीन धडधाकट तरुण माणसं हसतबोलत असताना मेली, आणि सरकारने घरटी सगळ्यांचं रक्त तपासायला घेतलं. स्कारविकमध्ये शाळेच्या हॉलमध्ये रांग लागली. बाह्या वर करून उभ्या राहिलेल्या बायका म्हणाल्या, एवढं रक्त काढतायत तर मेंढीच्या रक्ताचं करतो तसं चरबी-मनुका घालून त्याचं पुडिंग तरी करा.

रानवाचं रक्त वाईट निघालं. डॉक्टरीण स्वतः घरी आली. याच बेटांवरची पोरगी, ओलुवाच्या ओळखीतल्या कुणाची तरी नात. स्वयंपाकघरात बसून तिने समजावून सांगितलं.

"आजीबाई, तुम्ही लहानपणी जळाऊ मातीच्या ढेपा पाठीवर वाहिल्या असतील."

"मान मोडेपर्यंत."

"मग तुम्हाला लगेच कळेल. घराबाहेर ढेपांचा डोंगर आहे, पण वाहून आणणारं कुणी नाही, तर चूल विझणारच. अंगातली चरबी म्हणजे तो डोंगर. ती पेशींच्या चुलीपर्यंत वाहून नेणारा एक पदार्थ असतो, कार्निटीन नावाचा, अमिनो आम्लांपासून झालेला. रानवाच्या अंगात तो ठरत नाही, लघवीतून वाहून जातो. रोजचं खाणं चालू असतं तोवर निभतं. ताप आला, जेवण तुटलं, की शरीर चरबीकडे हात पसरतं. आणि चरबी पोचत नाही. मग हृदय थकतं. थांबतंसुद्धा."

हे आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून यावं लागतं, असंही ती म्हणाली. ओलुवाचा चेहरा उजळला. म्हणजे त्या माणसाकडूनही आलंय तर, असं ती बोलून गेली.

"हो. आणि बिल्लाकडे तुमच्याकडून," डॉक्टरीण म्हणाली. बिल्ला कशाने गेली असावी हे तिने जुने कागद बघून आधीच ताडलं होतं. मग तिने बजावलं, की घशाच्या, लघवीच्या दुखण्यावर देतात त्यातल्या काही गोळ्या या लोकांना चालत नाहीत. अंगात असतं नसतं तेवढं कार्निटीन त्या धुऊन नेतात. पूर्वी हे कुणाला माहीत नव्हतं.

ओलुवा कॉफी ओतत होती. कप भरला, बशी भरली, मेजावर ओघळ आला.

"आजीबाई, सांडतंय."

"दिसतंय मला," ओलुवा म्हणाली.

त्या दिवसापासून रानवासाठी बाटल्या यायला लागल्या. दिवसातून तीनदा घोट घ्यायचा, जन्मभर. पहिले काही महिने तिने घेतलाही. मग तिच्या घामाला मासळीचा वास यायला लागला. ते त्या औषधानेच होतं, काहींना होतंच. कारखान्यात असती तर कुणाच्या नाकाला कळलंही नसतं, पण केस धुताना गिऱ्हाईकाचं नाक तिच्या काखेशी. एका बाईने आरशातून गोड हसत विचारलं, तू आधी कॉड कापायचीस का गं? रानवाने त्या संध्याकाळी बाटली मोरीत ओतली. एवढंच नाही, वाऱ्यावर वाळवलेलं मेंढीचं मांस, ज्यात हे कार्निटीन भरपूर, ज्यावर हे गाव पिढ्यान्पिढ्या जगलं, तेही सोडलं. वास मारतं म्हणे. पाला खायला लागली.

ओलुवा बोलून थकली. रानवाचं उत्तर एकच.

"आई बाबांमुळे गेली ना? तूच सांगतेस. मग मला कसला आलाय आजार? मी काही तसल्या माणसाच्या घरी राहत नाही."

यावर ओलुवाला खरं काय ते सांगता आलं असतं. तिने नवी आलेली बाटली फडताळात ठेवून दिली.

हिवाळा सरता सरता गावात तापाची साथ आली. रानवा शहरातून दुपारच्या बसने परतली, कोट न काढताच स्वयंपाकघरातल्या बाकावर आडवी झाली. दोन दिवस तिने पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. ओलुवाने डॉक्टरणीला फोन केला. मी निघते, ती म्हणाली, पण बोगद्यातून यायला वेळ लागेल. तोवर औषध पाजा, गोड काहीतरी द्या, काही झालं तरी पाजा.

ओलुवाने ग्लासात औषध काढलं, त्यात साखरेचं सरबत घातलं आणि बाकापाशी उभी राहिली. रानवाने तोंड फिरवलं. ओठ पांढरे पडलेले. ओलुवाने ग्लास पुढे केला, रानवाने तो हाताने ढकलला, आणि ओलुवाच्या हाताला ती ढकलणी ओळखीची वाटली.

"पी म्हणते ना."

"नको. मळमळतं."

"तुझी आई पण हेच म्हणत होती."

रानवाने डोळे उघडले. "कधी?"

"त्या दिवशी. मी तिथे होते."

"तू कुठे होतीस? तुझ्या गोष्टीत तू नसतेस."

ओलुवा बाकाच्या कडेला टेकली. आयुष्यभर भरभरून सांगणाऱ्या बाईला आता एकेक शब्द मोरीतल्या केसासारखा ओढून काढावा लागत होता. "तुझा बाप जात नव्हता डोंगरावर. तिला असं सोडून नको, म्हणाला. मी म्हटलं, तू जा रे, मेंढरं काय बायका आणणार का, मी बघते तिच्याकडे. घशाच्या गोळ्या मीच आणल्या होत्या. तिला पोटात ठरत नव्हत्या. ओकली की मी पुन्हा द्यायचे. औषध अर्धवट टाकायचं नसतं, म्हणून तोंड धरून दिल्या. आणि मग घरी गेले, मेंढी कापायची होती म्हणून. आदल्या दिवशी उतरवलेल्यांतली, माझ्या वाट्याची."

रानवाने अंगावरचा कोट घट्ट ओढून घेतला. मग म्हणाली, "बाबांना बोलाव. त्यांच्यासमोर सांग. मग पिते."

"आधी पी, बाई माझी."

"त्यांच्यासमोर."

हानुसचं घर खाली, बोटी ओढून ठेवतात तिथे. ओलुवा उतरणीवरून जवळजवळ घसरतच गेली, आणि गावच्या सवयीने सरळ आत शिरली. हानुस मेजाशी बसून जाळं दुरुस्त करत होता. त्याने मान वर केली.

"दार वाजवायचं असतं," तो म्हणाला.

ती दारातच उभी राहिली. रानवाला ताप आहे, औषध घेत नाही, तू समोर असल्याशिवाय घेणार नाही, एवढं धापा टाकत सांगितलं. त्याने जाळं टाकलं, कोट उचलला. चढावर तो पुढे, ती मागे. अर्ध्या वाटेत तिला राहवलं नाही.

"पोरीला सांगितलं मी. गोळ्यांचं. तुला मी पाठवलं त्याचंही."

"बरं."

"तुला ठाऊक होतं?"

"मी गेलो तेव्हा तुमच्या हातात ग्लास होता. आलो तेव्हा तो मेजावर होता. त्या गोळ्यांनी काय होतं ते मागाहून बातम्यांत ऐकलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

हानुस थांबला, पण वळला नाही. "मी वर्षातले आठ महिने समुद्रावर. बोललो असतो तर तुम्ही पोर सांभाळली असती? दुसरं कोण होतं मला? शिव्या द्यायला तुम्हाला कुणीतरी हवं होतं, मला पोरीला कुणीतरी जेवू घालायला. सौदा होता तो. तुम्हाला कळला नाही एवढंच."

"हानुस, मला माफ…"

"ते राहू द्या. ते मी तुम्हाला देणार नाही. चला लवकर."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्यावर त्याचे पाय सवयीने अडखळले. मग तो आत गेला आणि बाकाशी गुडघ्यावर बसला. ओलुवाने उभ्या उभ्या पुन्हा सगळं सांगितलं. सांगताना तिच्या नकळत आवाजाला जुनं वळण यायला लागलं, जिथे थांबायचं तिथे ती थांबायला लागली, तेव्हा रानवा म्हणाली, "आजी, नुसतं सांग." मग तिने नुसतं सांगितलं.

हानुसने ग्लास धरला. रानवा प्यायली, तोंड वाकडं केलं, पुन्हा प्यायली. डॉक्टरीण पोचली तेव्हा नाडी मंद होती, पण होती. रानवाला गाडीत घालून इस्पितळात नेलं. बाप सोबत गेला.

आठवड्याने रानवा परतली ती खाली, हानुसच्या घरी. सामान न्यायला वर आली. औषधाच्या बाटल्या, केस कापायच्या कात्र्या, कपडे.

"तुझ्या हातच्या मांसाचा तुकडा देशील?" तिने विचारलं. "डॉक्टर म्हणाल्या, खा. बाबांकडे नाहीये. तू मेंढरांतला त्यांचा वाटा कधी पाठवलाच नाहीस."

ओलुवाने वारा खेळायला फटी ठेवलेल्या वाळवणघरातून आख्खी मांडी उतरवून दिली. रानवाने ती काखेत मारली.

"येशील ना गं रविवारी?"

"बघते," रानवा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ओलुवाला तो असता तर बरं वाटलं असतं.

ती उतरणीवर दिसेनाशी होते न होते तोच मालान आत आली, कॉफी ओतून घेतली, केक कापून घेतला, खुर्ची ओढली.

"त्याने पोरीलाही फितवलं म्हणायचं. लाज नाही."

"मालान, बिल्लाला गोळ्या मी दिल्या होत्या."

"आई आहेस, देणारच."

"त्या गोळ्यांनी ती गेली. हानुस जात नव्हता, मी त्याला पाठवला. इतकी वर्षं मी खोटं सांगितलं तुम्हाला."

मालानने कप खाली ठेवला आणि ओलुवाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. डोळे भरून आले होते तिचे.

"किती गं मोठं मन तुझं. नात तुटू नये म्हणून त्याचं पाप अंगावर घेतेस?"

"पाप माझंच आहे. ऐक तर."

"मी ओळखते तुला. बिल्लाच्या वेळचं सगळं मला काल घडल्यासारखं आठवतं."

"तू नव्हतीस तिथे. तुला आठवतं ते मी सांगितलेलं."

"तेच म्हणते मी," मालान म्हणाली. "इतकं खरं कुणी उगाच सांगतं का?"

ओलुवाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ग्लास, ओकारी, धरलेलं तोंड, मेंढी. मालान मान डोलवत राहिली, मधे मधे तिच्या हातावर थोपटत राहिली. मग केकचा राहिलेला तुकडा तोंडात टाकून, डोळे पुसून उठली. बायकांना सांगायला हवं, म्हणाली, ओलुवा काय चीज आहे ते.

ओलुवा खिडकीशी उभी राहिली. मालान पलीकडच्या घरात शिरली. तिथे ती काय सांगणार, हे ओलुवाला शब्दन् शब्द ठाऊक होतं. सांगायचं कसं, ते तिनेच शिकवलं होतं.